देवाचाही मुक्काम सहा महिन्यांचा

हिमालयातल्या पवित्र शिखरांवर माणसाने चढावे की नाही, हा वाद निघाला की बोलणे लगेच पावलावर येते. कैलासाची उंची ६,६३८ मीटर, म्हणजे चढून झालेल्या कितीतरी शिखरांपेक्षा कमी. तरी त्याच्या माथ्याला कोणाचे पाऊल लागलेले नाही, हे श्रद्धेने सांगितले जाते. १९५५ मध्ये जो ब्राउन आणि जॉर्ज बँड ८,५८६ मीटर उंचीच्या कांचनजुंगावर पोहोचले आणि सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना, दिलेला शब्द पाळून माथ्याच्या खाली काही फुटांवर थांबले. १९५७ मध्ये नेपाळातल्या माछापुच्छ्रेवर गेलेली ब्रिटिश तुकडी शिखर सुमारे पन्नास मीटरांवर असताना परतली आणि पुढे नेपाळने ते शिखर बंदच केले. भूतानने १९९४ मध्ये ६,००० मीटरांवरच्या शिखरांवर चढाईला मनाई केली, २००३ मध्ये गिर्यारोहणच थांबवले. ही उदाहरणे एकापुढे एक मांडली की समजूत पक्की होते, पाऊल पडले नाही म्हणून पावित्र्य राहिले. मला ही समजूत अपुरी वाटते. हिमालयातल्या धर्मव्यवहाराने खरा बंध घातला तो पावलावर नव्हे, मुक्कामावर. कोणी किती उंचीवर, किती दिवस आणि कोणाच्या आधाराने राहायचे, याचे नियम तिथे शतकानुशतके पाळले गेले. आज मोडते आहे ती ही शिस्त, आणि आपण मात्र शिखरावरच्या पावलांचा हिशेब करत बसलो आहोत.

या शिस्तीचा सर्वांत ठळक पुरावा देवाच्याच वागण्यात आहे. केदारनाथचे देऊळ ३,५८३ मीटरांवर. भाऊबीजेला त्याची कपाटे बंद होतात आणि पंचमुखी डोली खाली निघते. पहिली रात्र रामपूर, दुसरी गुप्तकाशी, तिसऱ्या दिवशी उखीमठचे ओंकारेश्वर मंदिर. हिवाळ्यातली पूजा तिथे. गंगोत्रीची देवी मुखब्याला उतरते, यमुनोत्रीची खरसालीला. बद्रीनाथला कपाटे मिटण्यापूर्वी माणा गावच्या मुलींनी विणलेली लोकरीची कांबळ तुपात भिजवून मूर्तीला गुंडाळतात. मग उद्धव आणि कुबेर पांडुकेश्वरला येतात, शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नृसिंह मंदिरात येते, आणि केरळहून आलेले नंबुदिरी रावळ, म्हणजे मुख्य पुजारी, तेही खाली उतरतात. सहा महिने माणसांनी पूजा करायची, सहा महिने नारदाने, अशी तिथली वाटणी. कांबळ विणणाऱ्या माणातली माणसेही त्याच सुमारास बाडबिस्तरा बांधून खालच्या गावी येतात. म्हणजे देवाचे आणि गावकऱ्यांचे वेळापत्रक एकच. ज्या जागेला आपण देवाचे घर म्हणतो, तिथे देवही हंगामी पाहुण्यासारखा राहतो आणि वेळ झाली की निघतो. देवालाच बारमाही मुक्काम नाही, तिथे भक्ताला तो कोणत्या अधिकाराने मागता येईल?

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हा सगळा बर्फाचा परिणाम, त्यात तत्त्वज्ञान कशाला शोधता? नोव्हेंबरनंतर तिथे राहणे अशक्य म्हणून लोक उतरले, आणि उतरताना देवाला सोबत आणले, एवढेच. आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. पण गरजेतून निघालेला प्रत्येक रिवाज गरजेपुरताच उरत नाही. गरज सरल्यावरही तो टिकला, तर त्यात काही वेगळे मूल्य शिरले आहे असे मानावे लागते. केदारनाथच्या २०१३ च्या प्रलयानंतर पुनर्बांधणीसाठी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या लोकांनी केदारपुरीत हिवाळा काढला. यंत्रे होती, इंधन होते, राहण्याची सोय होती. म्हणजे बर्फात राहणे अशक्य उरले नव्हते. तरी डोलीचा नेम मोडला नाही. निसर्गाने घातलेली मर्यादा माणसाने आपणहून स्वीकारली, तिला देवाच्या आचाराचे रूप दिले, आणि ती ओलांडण्याची ताकद आल्यावरही पाळली. धर्माचे काम इथेच सुरू होते. जे करता येत नाही ते न करण्यात कसला धर्म? करता येत असताना न करणे हे व्रत.

देवाला जो नियम, तोच यात्रेकरूला होता. मोटाररस्ता येण्याआधी ऋषिकेशपासून पायी जाणाऱ्याची यात्रा चट्ट्यांवर मोजली जाई. चट्टी म्हणजे वाटेकडेची बैठी, लांबट पडवी; छप्पर गवताचे वा फळ्यांचे, जमीन शेणाने सारवलेली. चट्टीवाल्याकडून पीठ, डाळ, तूप, लाकूड विकत घ्यायचे, की भांडी वापरायला मिळत आणि रात्रीच्या पथारीचे वेगळे पैसे पडत नसत. सकाळी भांडी घासून परत करायची आणि पुढची चट्टी गाठायची. अहिल्याबाई होळकरांनी केदार-बद्रीच्या वाटेवर धर्मशाळा बांधल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाबा काली कमलीवाले यांनी सदावर्ते आणि धर्मशाळांची साखळी उभी केली. या दानशूरांच्या कामात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पुण्य केवळ देवळाच्या दारात साठवलेले नव्हते, ते वाटेवर पसरलेले होते. निवारा होता, पण तो रात्रीपुरता. उतरणाऱ्याला जागा आपली वाटू नये, इतकाच तो आरामाचा होता. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर हा यात्रेकरूचा हक्क मानला गेला; डोंगराच्या कुशीत ऐसपैस राहणे हा हक्क कोणीच मानला नाही.

गंमत अशी की शरीरही मुक्कामाचाच हिशेब ठेवते. उंचीवरचा आजार टाळण्यासाठी गिर्यारोहकांचा नियम प्रसिद्ध आहे. दिवसा कितीही वर जा, रात्री झोपायला खाली या. आणि साधारण तीन हजार मीटरांच्या पुढे झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरांहून जास्त चढवू नका. चट्ट्यांच्या चालीने जाणाऱ्याला हा नियम कोणी शिकवावा लागत नव्हता. आज गौरीकुंडाहून, म्हणजे दोन हजार मीटरांच्या आसपासहून, एका दिवसात केदारनाथ गाठून तिथेच रात्र काढणारे असंख्य आहेत, आणि हेलिकॉप्टरने तर हे अंतर काही मिनिटांचे झाले आहे. इथे कोणी म्हणेल, मग तुमच्याच तर्काने रोपवे उत्तम! सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली; आठ-नऊ तासांची वाट छत्तीस मिनिटांवर येईल असे सांगितले गेले. माणूस सकाळी जाऊन संध्याकाळी परतला तर वर मुक्कामाचा प्रश्नच राहत नाही. युक्तिवाद बिनतोड वाटतो, पण तो शिस्तीची एकच बाजू धरतो. कुठे राहायचे नाही हे जसे ठरलेले होते, तसेच कुठे थांबलेच पाहिजे हेही ठरलेले होते. देवाची डोली निघताच एका दिवसात उखीमठ गाठत नाही. रामपूरला थांबते, गुप्तकाशीला थांबते, आणि त्या गावांना त्या रात्रीपुरते देऊळपण देते. थकलेल्या, वृद्ध, अपंग भाविकांना वाहनाची सोय असावी याला कोणाचाच विरोध नसावा. त्यांच्यासाठी कंडी-डोली पूर्वीही होतीच. पण अपवादाची सोय हीच सर्वांची वाट झाली की मधली गावे नुसती खिडकीतून दिसतात, आणि वर गर्दी मात्र अनेक पटींनी वाढते. २०२३ च्या एका हंगामात केदारनाथला १९ लाखांहून अधिक लोक गेले. एवढ्या लोकांतला थोडासा वाटा जरी रात्री वर राहिला, तरी ते गाव गाव राहत नाही.

नंदादेवीची राजजात पाहिली तर पावलाचा आणि मुक्कामाचा फरक आणखी स्पष्ट होतो. गढवाल-कुमाऊंच्या लोकांसाठी नंदा ही लेक आहे आणि जात म्हणजे तिची सासरी पाठवणी. परंपरेने बारा वर्षांनी निघणाऱ्या या यात्रेपुढे चार शिंगांचा मेंढा चालतो. वाण हे शेवटचे गाव. त्यापुढे वस्ती नाही. होमकुंडाला पूजा होते, लेकीची भेटवस्तू पाठीवर बांधलेला मेंढा शिखरांच्या दिशेने सोडला जातो, आणि माणसे माघारी फिरतात. माहेरच्यांनी लेकीला वेशीपर्यंत पोहोचवायचे, तिच्या सासरी बस्तान मांडायचे नाही, हा संकेत तिथल्या प्रत्येकाला कळतो. त्याच वाटेवरच्या आली आणि बेदिनी बुग्यालांचे, म्हणजे उंच कुरणांचे, तंबूंच्या गर्दीने नुकसान होऊ लागले तेव्हा उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली. दिवसा येण्याजाण्याला मज्जाव केला नाही, त्यावर संख्येची मर्यादा घातली. न्यायालय पर्यावरणाच्या भाषेत बोलले. पण त्याने जिथे रेघ मारली, तिथेच ती राजजातीनेही मारली होती.

चढाई हीच उपासना मानणाऱ्यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तेनसिंग नोर्गे १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचला तेव्हा त्याने बर्फात खड्डा करून बिस्किटे-चॉकलेटचा नैवेद्य ठेवला. त्याचे लोक ज्या पर्वताला देवी मानतात, तिच्या माथ्यावर तो गेला, आणि नम्रतेनेच गेला. त्याने पाप केले असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. तेनसिंग आणि हिलरी माथ्यावर थांबले अवघी पंधरा मिनिटे. एव्हरेस्टची आजची दुर्दशा त्या पंधरा मिनिटांतून आलेली नाही. ती आली सुमारे ५,३६० मीटरांवरच्या बेस कँपपासून साउथ कोलपर्यंतच्या छावण्यांतून, रिकाम्या प्राणवायूच्या नळकांड्यांतून, फाटक्या तंबूंतून आणि उघड्यावर गोठलेल्या विष्ठेतून. नेपाळने २०१४ मध्ये प्रत्येक गिर्यारोहकाने आठ किलो कचरा खाली आणावा असा नियम केला, तो पावलांसाठी नव्हता, राहण्यासाठी होता. नंदादेवीचे अभयारण्य १९८३ मध्ये बंद झाले तेही सरपणासाठी तोडलेल्या झुडपांमुळे आणि तळांवरच्या घाणीमुळे. देवीचा अवमान कशाने होतो असे विचारले, तर माथा टेकायला गेलेल्या पावलाने कमी आणि पसारा मांडून बसलेल्या छावणीने जास्त, हे उत्तर द्यावे लागेल.

अद्वैताचा अभिमान धरणारा वेगळा प्रश्न करील. ब्रह्म सर्वत्र आहे, तर एका शिळेला राखीव का म्हणायचे? ईश्वराच्या दृष्टीने काहीच राखीव नाही, हे मान्य. नियम ईश्वरासाठी नसतोच, तो माणसासाठी असतो. ज्यांच्या नावाने अद्वैत ओळखले जाते त्या शंकराचार्यांचा ज्योतिर्मठ परंपरेने बद्रीनाथच्या देवळाशेजारी नाही, खाली जोशीमठला आहे. सगळे एकच आहे हे कळलेल्यालाही कुठे राहायचे हा प्रश्न उरतो; उलट त्यालाच तो अधिक जाणवायला हवा, कारण डोंगर, नदी आणि खालच्या गावातला माणूस त्याला परका नसतो.

राहिला पोटाचा प्रश्न. मुक्काम आवळला तर डोंगरातल्या माणसाने खायचे काय? शहरातून हंगामात एकदा जाणाऱ्याने त्याला संयम शिकवू नये, हे बरोबरच. नंदादेवी बंद झाली तेव्हा लाता आणि रैणीसारख्या गावांचे चराईचे आणि भारवाहकीचे उत्पन्न गेले, आणि चिपको आंदोलनाने ज्यांचे नाव जगाला कळवले त्याच गावांना आपल्या डोंगरापासून तोडले गेले. सरसकट बंदी हा माझा मुद्दाच नाही. पण रस्ते आणि हेलिपॅड आल्यावर ओस पडल्या त्या चट्ट्याच. पूर्वी यात्रेकरूचा पैसा दर काही मैलांवर एका घरी पडत होता. आता तो वरच्या लॉजमालकाकडे आणि हेलिकॉप्टर कंपनीकडे गोळा होतो. मुक्काम खाली पसरवणे हे स्थानिकांच्या हिताआड येत नाही, हिताचेच आहे. आणि त्यात जिवाचा प्रश्नही आहे. १८८२ च्या छायाचित्रात केदारनाथचे देऊळ जवळजवळ एकटे उभे दिसते. जून २०१३ मध्ये वरचा चोराबारी ताल फुटला तेव्हा देवळाभोवती हॉटेले, लॉज, दुकाने दाटली होती. पाच हजारांहून अधिक माणसे मेली वा बेपत्ता झाली, वाटेवरचे रामबाडा नकाशावरून पुसले गेले. तेव्हा अनेकांनी देवाचा कोप झाला म्हटले. हे म्हणणे मृतांवर अन्याय करणारे आणि जबाबदारांना मोकळे सोडणारे आहे. विश्वासाने तिथे उतरलेल्या यात्रेकरूंचा काही अपराध नव्हता. हिमनदीच्या गाळावर, नदीच्या पात्रालगत खोल्या बांधू देणाऱ्यांचा होता. जुन्या भूस्खलनाच्या ढिगावर वसलेल्या जोशीमठात अवजड बांधकाम आवरावे, असे मिश्रा समितीने १९७६ मध्येच सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये तिथली घरे दुभंगली. म्हणजे खाली राहिले की झाले, असेही नाही. उखीमठ-जोशीमठही किती पाहुणे पेलतील, याला हिशेब हवाच.

म्हणून शिखरांवर कोणी चढावे यावरचा वाद जरा बाजूला ठेवून धर्मसंस्थांनी बोलायला हवे ते खाटांच्या संख्येवर. वर किती जणांना रात्र काढू द्यायची, त्यांत कोणाला अग्रक्रम, वाटेतल्या कोणत्या गावांत थांबणे यात्रेचाच भाग मानायचे, हे मंदिर समित्या, रावळ आणि मठ ठरवू शकतात. ऑनलाइन नोंदणीच्या रकान्यापेक्षा त्यांचा शब्द भाविकाला जवळचा. देवाची डोली केव्हा निघणार आणि कुठे कुठे थांबणार हे जर ते दरवर्षी जाहीर करतात, तर भक्ताने कुठे थांबावे हे सांगायला त्यांना संकोच कसला? आणि महाराष्ट्रातून चारधामला निघणाऱ्यानेही प्रवास कंपनीच्या माणसाला नेहमीचा प्रश्न, देवळापासून हॉटेल किती जवळ, हा विचारण्याआधी वाटेत किती रात्री आहेत ते विचारावे. जवळच्या खोलीने दर्शन लवकर होईल; यात्रा झाली की नाही, ते मात्र वाटेतल्या रात्रींवर ठरेल.