नदीत मी काही टाकलं नाही

मी रामनदीत आजवर काहीही टाकलेलं नाही. निर्माल्य नाही, प्लास्टिकची पिशवी नाही. त्यामुळे पाषाणच्या पुलावर नाक दाबताना मला कधी अपराधी वाटलं नाही. घाण दुसऱ्यांची, त्रास माझा.

मग मे महिन्यात सोसायटीच्या मीटिंगमध्ये मागच्या अंगणाचा विषय निघाला. तिथे नुसती माती होती. पावसात चिखल व्हायचा, गाड्यांना जागा पुरत नव्हती. काँक्रीट करायचं ठरलं. मीही हात वर केला.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मी गेटपाशी उभा होतो. पूर्वी अंगणात साचून हळूहळू जिरणारं पाणी आता धावत बाहेर आलं. काळपट, वर तेलाचा रंगीत तवंग. गाड्यांचं गळलेलं ऑइल, टायरची झीज, कुत्र्यांची घाण, सगळं घेऊन ते पावसाळी गटारात शिरलं. तिथून ते कुठल्या शुद्धीकरण केंद्रात जात नाही. नाल्यातून थेट नदीत जातं.

माती हे पाणी गाळायची आणि पोटात राखायचीही. मुरलेलं पाणी पावसाळ्यानंतर झऱ्यांवाटे नदीला मिळतं. जमीन झाकली की पावसात लोंढा येतो आणि एप्रिलमध्ये नदीत मैलापाणीच तेवढं उरतं. भूगाव, बावधन, पाषाण, बाणेर असा प्रवास करत मुळेला मिळणाऱ्या या छोट्या नदीच्या काठाने आता इमारतींची रांग आहे.

अर्थात, मैलापाण्यावर प्रक्रिया करणं हे महापालिकेचं काम, आणि ते तिच्याकडे मागायलाच हवं. पण माझ्या अंगणाचं काय? आमच्या एका पार्किंगमुळे नदी मेली नाही. हेच प्रत्येक सोसायटी म्हणेल, आणि प्रत्येकीचं खरंच असेल. मग नदी मेली कशी?

मला वाटतं, आपण फक्त फेकणाऱ्याला दोषी धरायला शिकलोय. झाकणारा आपल्याला दिसतच नाही. त्या मीटिंगमध्ये कुणी वाईट माणूस नव्हता. दोष इतक्या जणांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला जवळपास काहीच येत नाही. जबाबदारीचं तसं नाही. ती कितीही वाटली तरी माझा तुकडा माझ्याच हातात राहतो, कारण तेवढी जमीन मी बदलू शकतो.

पुढच्या मीटिंगमध्ये मी भिंतीलगतच्या दोन पार्किंगचं काँक्रीट उखडून तिथे पुन्हा माती करायचा प्रस्ताव मांडणार आहे. लोक हसतील. त्या दोनपैकी एक पार्किंग माझं आहे.