दरोड्याच्या कलमाखाली

माझ्या आजोळी, कळमनुरी तालुक्यातल्या पैनगंगेकाठच्या एका गावात, मागच्या दारी धुण्याचा दगड आहे. काळा, घडीव, दीड हात रुंद. मधोमध झिजून खोलगट झालेला, आणि दोन्ही टोकांना एकेक चौकोनी खाच. सुट्टीत आम्ही पोरं त्या खाचेत साबणाची वडी ठेवायचो. त्या खाचा चौकटीच्या आहेत आणि तो खोलगटपणा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांचा आहे, हे आजीनं मला सांगितलं तेव्हा मी वकिलीच्या पहिल्या वर्षाला होतो. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या तांबोळ्यांच्या घराचा तो उंबरा. ‘पोलीस ॲक्शन झालं अन् त्यांचं घर बसलं,’ ती म्हणाली. माणसं कुठं गेली, असं विचारलं तर तिनं घरधन्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आणि पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

आजीची दुसरी गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. त्याच वर्षी, मृगाच्या आधी, नदीला उतार असताना, तिच्या माहेरच्यांनी रातोरात मोगलाई सोडून पलीकडे वऱ्हाडात, उमरखेडच्या दिशेनं धाव घेतली. रझाकारांनी कडब्याच्या गंजी पेटवल्या होत्या. तिचा थोरला चुलता बैल सोडायला मागं राहिला, तो परत आला नाही. ती तेव्हा बारा वर्षांची. दरवर्षी १७ सप्टेंबरला झेंडा लागला की ती ही गोष्ट सांगायची. उंबऱ्याची गोष्ट तिनं आयुष्यात एकदाच सांगितली.

पंचवीस वर्षं फौजदारी कोर्टात काढल्यावर या दोन्ही गोष्टी मला फिर्यादीसारख्या ऐकू येतात. आणि फिर्याद म्हटली की वकिलाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच: कोणत्या कोर्टात आणि कोणत्या कलमाखाली?

१९४८ च्या काही तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामाच्या राज्यात शिरल्या, तीच ‘पोलीस ॲक्शन’. १६ तारखेला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे हैदराबादची तक्रार निघाली. दुसऱ्याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली आणि नंतर तक्रार मागे घेत असल्याचं कळवलं. त्याच पॅरिसमध्ये ९ डिसेंबरला वंशसंहाराच्या गुन्ह्याला आळा घालण्याचा आणि तो करणाऱ्यांना शिक्षा देण्याचा करार संमत झाला. न्यूरेंबर्गच्या खटल्यांनी ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हा शब्द दोन-तीन वर्षांपूर्वीच जगापुढे आणला होता. आणि ज्या दिवशी पॅरिसमध्ये हात वर होत होते, त्या दिवशी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे तिघे हैदराबाद राज्याच्या दौऱ्यावर होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि त्यानंतर काय घडलं ते पाहण्यासाठी भारत सरकारनंच त्यांना पाठवलं होतं. २९ नोव्हेंबरला सुरू झालेला दौरा २१ डिसेंबरला संपला. आमच्या मुलखातल्या माणसांवर जे गुदरलं होतं, त्याला जगाच्या कायद्यात नाव मिळत होतं, त्याच महिन्यात. ते नाव इथवर आजही पोचलेलं नाही, हेच मला सांगायचं आहे.

आधी निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांबद्दल, कारण त्यांच्यावर खटले तरी चालले. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी हा त्यांचा म्होरक्या. त्याच्यावर विशेष न्यायाधिकरणापुढे दोन मोठे खटले चालले. एक ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांच्या खुनाचा. भारतात विलीन व्हावं असं लिहिणाऱ्या या तरुण मुसलमान संपादकाला ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारण्यात आलं. दुसरा खटला बीबीनगर गावावर त्या वर्षीच्या जानेवारीत झालेल्या हल्ल्याचा. खुनाच्या खटल्यातून रझवी अपिलात सुटला. बीबीनगरची सात वर्षांची शिक्षा तेवढी उरली, आणि जानेवारी १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उचलून धरली. १९५७ मध्ये तो सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. बीबीनगरचा तो खटला कायद्याच्या पुस्तकांत दरोड्याचा खटला म्हणून ओळखला जातो.

दरोडा म्हणजे काय? पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी. कोर्ट काय विचारणार? किती जण होते, कुणाच्या हातात काय होतं, घरातून काय नेलं. हेच गाव का निवडलं, हे दरोड्याचं कलम विचारत नाही. गणवेश कुणी शिवून दिले, कवायत कुणी घेतली, दिवाण कचेरीतून कुणी डोळेझाक केली, हेही विचारत नाही. एका गावाचा दरोडा दुसऱ्या गावाच्या दरोड्याशी जोडून पाहण्याची त्याला मुभाच नाही. नागरी वस्तीवर पद्धतशीर किंवा व्यापक हल्ला, ही मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याची व्याख्या आहे, आणि तिच्यात हुकूम देणारा आधी येतो, मशाल धरणारा मागून. रझाकारांनी जे केलं त्याला वंशसंहार म्हणता येईल का यावर वाद होऊ शकतो. या दुसऱ्या व्याख्येत ते कसं बसत नाही, हे मात्र मला कुणी दाखवून द्यावं.

त्या काळातला आणखी एक निकाल मला फार मोलाचा वाटतो. आम्ही तो साक्षीपुराव्याच्या युक्तिवादात आजही वापरतो, पण त्याच्यामागचं गाव कुणाला आठवत नाही. वरंगलच्या सुभेदारावर, म्हणजे निजामाच्या अगदी वरच्या अधिकाऱ्यावर, डिसेंबर १९४७ मध्ये एका गावावर झालेल्या हल्ल्याबद्दल खून आणि जाळपोळीचा खटला झाला. खाली तो दोषी ठरला. १९५३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडून दिलं. कारण? त्या प्रसंगी जागेवर हजर असलेल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याला सरकार पक्षानं साक्षीला उभंच केलं नव्हतं. महत्त्वाचा साक्षीदार दडवून ठेवाल तर आरोपीवर अन्याय होतो, असं न्यायालय म्हणालं. मुक्तिसंग्रामाला जेमतेम पाच वर्षं झाली होती, जखमा ओल्या होत्या, आरोपी लोकांच्या रोषाचा धनी होता. तरी देशातल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याला कायद्यानं जे देणं होतं ते दिलं. आपल्याच देशातली कोर्टं असले खटले चालवायला लायक आहेत का, असं कुणी विचारलं की मी हा निकाल पुढे करतो. लायकी आहे. शब्द नाही.

आणि सगळ्यांसाठी दार उघडं नव्हतं, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. सुंदरलाल समितीनं पोलीस ॲक्शनच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा आकडा किमान २७ ते ४० हजार धरला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसली, असं त्यात आहे. रझाकारांच्या अत्याचारांचा सूड म्हणून हे घडलं, हे समितीनं लिहिलं. काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या लोकांचाही लुटीत हात होता, हेही लिहिलं. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद घेतली. तो अहवाल दप्तरात गेला आणि २०१३ च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात वाचकांच्या हाती लागला. ए. जी. नूराणींनी त्याच सुमारास तो आपल्या पुस्तकात छापला. रझाकारांच्या गुन्ह्यांसाठी विशेष न्यायाधिकरण झालं. या मृतांसाठी असं काही झालं नाही. माझ्या आजीच्या चुलत्याला दरोड्याचं कलम तरी मिळालं असतं. तांबोळ्यांना तेही नाही.

वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं नाव लावणारे नरहर कुरुंदकर आयुष्यभर निजामाच्या राज्याविषयी बोलत आणि लिहीत राहिले. त्यांचं ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ आमच्या घरी वडिलांनी जपून ठेवलेलं. मुक्तिसंग्रामाचा अभिमान असणं आणि त्याच्या पाठोपाठ आलेला रक्तपात डोळे उघडे ठेवून पाहणं, या दोन गोष्टींत मला कधी विरोध वाटला नाही. ज्याला पहिली गोष्ट जमते त्याला दुसरीही जमायलाच हवी.

आता कायद्याकडे. पॅरिसच्या करारावर भारतानं १९४९ मध्ये सही केली आणि २७ ऑगस्ट १९५९ रोजी त्याला मान्यता दिली. त्याच्या पाचव्या कलमात प्रत्येक देशानं आपल्या देशात त्यासाठी कायदा करावा, असं वचन आहे. सहाव्या कलमात आरोपीवर खटला कुठे चालावा ते सांगितलं आहे, आणि तिथं पहिलं नाव आहे ते गुन्हा जिथं घडला त्या देशातल्या न्यायालयाचं. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण त्याच्या मागोमाग येतं. ‘आंतरराष्ट्रीय गुन्हा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेगची इमारत येते. करार मात्र आधी जिल्ह्याच्या सत्र न्यायालयाकडेच बोट दाखवतो.

पासष्टहून अधिक वर्षं झाली, तो कायदा आपण केला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं सज्जन कुमारला १९८४ च्या शीख हत्याकांडात दोषी ठरवताना हीच बोच मांडली. मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत, ही पळवाट तातडीनं बुजवायला हवी, असं न्या. मुरलीधर आणि न्या. विनोद गोयल यांनी नोंदवलं. त्या निकालात मुंबईच्या १९९३ चाही उल्लेख आहे. श्रीकृष्ण आयोगानं मुंबईच्या दंगलींत मेलेल्यांचा आकडा ९०० सांगितला होता, पण आयोग शिक्षा देऊ शकत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. दीडशे वर्षांची दंडसंहिता मोडून नवी लिहिली गेली आणि तीतही हे दोन शब्द आले नाहीत. संधी समोर होती, म्हणून याचा राग जास्त येतो.

गुन्ह्याच्या नावानं इतका काय फरक पडतो, असं मला तरुण वकील विचारतात. शिक्षा खुनाला आहेच ना? त्यांना मी आमच्या तालुक्याच्या ठाण्यात जाऊन उभं राहायला सांगतो. ‘ॲट्रॉसिटी’ हा शब्द आता मराठवाड्याच्या खेड्यात मराठीच आहे. ‘ॲट्रॉसिटी लावली का?’ हे विचारणाऱ्या निरक्षर म्हातारीला कायद्याची गोम बरोबर कळलेली असते. मारहाण वेगळी, आणि तू अमुक जातीचा म्हणून केलेली मारहाण वेगळी. २००६ मध्ये खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं. भंडाऱ्याच्या न्यायालयानं २००८ मध्ये खुनासाठी फाशीपर्यंतच्या शिक्षा दिल्या, पण ॲट्रॉसिटीचा कायदा लागू धरला नाही. फाशी सुनावूनही लोकांचं समाधान का झालं नाही, हे ज्याला समजलं त्याला मी काय म्हणतोय तेही समजेल. गुन्ह्याचं खरं नाव निकालपत्रात आलं नव्हतं.

आक्षेप मला माहीत आहेत. सगळ्यांत वजनदार आक्षेप सार्वभौमत्वाचा. १९९८ मध्ये रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा मसुदा मताला आला तेव्हा भारत तटस्थ राहिला. बाहेरच्या न्यायाधीशांनी आपल्या घरात डोकावू नये ही भावना मी समजू शकतो. पण त्या न्यायालयाची रचनाच अशी आहे की, देशातलं कोर्ट प्रामाणिकपणे खटला चालवत असेल तर ते मध्ये पडत नाही. ज्याला बाहेरचं कोर्ट नको त्यानं तर हा कायदा सर्वांत आधी मागायला हवा.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. तो प्रत्येक कडक कायद्यावर येतो आणि थोडाफार खराही असतो. त्यावर उपाय वरंगलच्या निकालात आहे.

जगात हे होतंय. जर्मनीत २००२ पासून असा कायदा आहे. त्याच कायद्याखाली कोब्लेन्झच्या न्यायालयानं सीरियाच्या गुप्तचर खात्यातल्या अन्वर रस्लान या माजी कर्नलला जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेप दिली. पण त्या खटल्यात सीरियन पत्रकारांना अरबी भाषांतर ऐकू यावं म्हणून जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत जावं लागलं. हे वाचलं आणि मला आमचं कोर्ट आठवलं. साक्षीदार म्हणतो, ‘साहेब, त्यांनी घर धुऊन नेलं,’ आणि न्यायाधीशांना ते समजावून सांगावं लागत नाही. आजीची साक्ष तिच्या शब्दांत समजेल असं कोर्ट जगात एकाच पट्ट्यात आहे.

नवा कायदा १९४८ ला लागू होणार नाही. राज्यघटनेचं विसावं कलम त्याच्या आड येतं आणि ते यायलाच हवं. आरोपीही आता कुणी हयात नसतील. पण कागद आहेत. मराठा आरक्षणासाठी २०२३ मध्ये न्या. शिंदे समिती नेमली गेली तेव्हा मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकाळातली उर्दू आणि मोडी दप्तरं धुळीतून वर काढली, जाणकार बसवून पानन् पान वाचलं. शासनानं मनावर घेतलं की पाऊणशे वर्षांपूर्वीची नोंद सापडते, हे आमच्या जिल्ह्यानं डोळ्यांनी पाहिलं. त्याच दप्तरांत गावोगावच्या मयतांच्या, ओस पडलेल्या घरांच्या, नावावरून उतरलेल्या जमिनींच्या नोंदी शोधायला काय हरकत आहे? दोन्ही बाजूंच्या. आजीच्या चुलत्याची आणि तांबोळ्यांची, एकाच वहीत.

मामानं गेल्या दिवाळीत मागच्या दारी फरशी बसवली. गवंडी तो दगड फोडून पायात टाकायचं म्हणत होता. मामानं मला फोन केला, ठेवू का जाऊ देऊ? मी म्हटलं, ठेवा. ‘ठेवतो, पण पोरांनी विचारलं तर काय सांगू?’ मी त्याला ते नाव सांगितलं, बापाच्या नावासकट. पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग तो म्हणाला, ‘थांब, पेन घेतो.’