करुणेचे आलंबन : देवमासा आणि वालधुनी

१९७५ साली ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापासून दूर सोव्हिएत शिकारी ताफ्याला गाठले आणि भाला व देवमासा यांच्यामध्ये आपल्या रबरी होड्या घातल्या. भाला त्यांच्या डोक्यांवरून गेला, देवमासा मेला, चित्रफीत मात्र जगभर पोहोचली. ही साक्षीची नीती होती. १९७७ मध्ये वेगळी वाट धरलेल्या पॉल वॉटसन यांना ती अपुरी वाटली. १९७९ मध्ये त्यांनी पोर्तुगालजवळ एका शिकारी जहाजावर आपले जहाज आदळवले. पुढे त्यांची सी शेफर्ड ही संघटना अंटार्क्टिक समुद्रात जपानी ताफ्याच्या आड येत राहिली. जुलै २०२४ मध्ये जपानच्या मागणीवरून त्यांना ग्रीनलँडमध्ये अटक झाली आणि डिसेंबरमध्ये सुटका झाली. साक्ष की हस्तक्षेप, हा वाद महत्त्वाचा आहेच. पण समीक्षकाला अस्वस्थ करणारा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. कोणाचे दुःख आपल्या करुणेचे आलंबन होऊ शकते?

देवमाशाला डोळा आहे, पिल्लू आहे, श्वास आहे. १९७० साली त्याच्या गाण्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. मराठीने तर त्याच्या नावातच देव घातला. रसनिष्पत्तीसाठी याहून अधिक विभावसामग्री ती कोणती हवी? नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत रुतलेल्या पिल्लासाठी माणसे रात्रंदिवस झटली. ते वाचले नाही, पण त्याचा शोक खरा होता.

याउलट वालधुनी. शके ९८२ मधील अंबरनाथच्या शिवालयालगत वाहणारी ही नदी कारखान्यांची रसायने, शहरांचे सांडपाणी आणि उल्हासनगरच्या जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचा निळा रंग पोटात घेत आली. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरने ओतलेल्या रसायनातून वायू पसरला आणि उल्हासनगरच्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात न्यावे लागले. तिच्यासाठी कोणी जहाज आडवे घातले नाही. वनशक्ती संस्थेने उल्हास आणि वालधुनीचा प्रश्न हरित न्यायाधिकरणात नेला. परंतु तेथील भाषा मोजमापांची आणि मुदतींची. ती आवश्यक आहे, पण तिच्यात साधारणीकरण घडत नाही.

येथे 'आधी घरची नदी पाहा, मग ध्रुवावरचे देवमासे' असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाचा अनुभव असा, की असे म्हणणारे बहुधा दोन्हींकडे पाहत नाहीत. वालधुनी कल्याणजवळ उल्हासला मिळते, उल्हास वसईच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते, म्हणजे पाणी एकच, असेही म्हणता येईल. मात्र एकजलत्वाचे हे रूपक देखणे असले तरी त्यातून कर्तव्य सिद्ध होत नाही.

क्रौंचवधाची कथा येथे अधिक उपयोगी पडते. वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला, हे आपण काव्यशास्त्रात अभिमानाने सांगतो. तो श्लोक निषादाला दिलेला शाप आहे, हे सांगताना आपला आवाज थोडा खाली येतो. मुक्या जिवाच्या वतीने बोलणारा कोणाच्या तरी पोटावर बोलत असतो. या बाबतीत २०१८ मधील महाराष्ट्र शासनाच्या एका निर्णयाकडे साहित्यिकांचे लक्ष गेलेले दिसत नाही. संरक्षित सागरी प्राणी जाळ्यात अडकला आणि त्याला सोडण्यासाठी मच्छिमाराने जाळे कापले, तर त्याला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. रक्कम कमी की पुरेशी, हा निराळा विषय. महत्त्वाचे हे, की येथे निषादच सुरी काढून क्रौंचाला सोडवतो आणि त्याचे नुकसान एकट्याच्या माथी मारले जात नाही. ध्रुवीय मोहिमांच्या कथनात शिकारी जहाजावरील खलाशाला अशी भूमिका मिळालीच नाही. त्याच्या वाट्याला केवळ खलत्व आले.

वालधुनीच्या काठी मात्र निषाद कोण? रात्री टँकर रिकामा करणारा चालक? ते काम त्याच्यावर सोपवणारा? रंगात हात बुडवलेला मजूर, की त्याने धुतलेली जीन्स घालून हा निबंध लिहिणारा मी? शापाला एक बाण आणि एक हात लागतो. येथे बाण पाण्यात विरघळला आहे. महाशिवरात्रीला शिवालयात मोठी जत्रा भरते, दर्शनाची रांग लांबवर जाते, आणि त्या गर्दीत उभ्या असलेल्या कोणालाही, माझ्यासकट, शेजारच्या प्रवाहाला नेमके काय म्हणावे हे सुचत नाही.