मुठीवरील फूल आणि पात्याची धार

सोळाव्या-सतराव्या शतकांत मोगल आणि दख्खनी दरबारांसाठी घडविलेल्या रत्नजडित खंजिरांकडे बहुधा कारागिरीचे नमुने म्हणून पाहिले जाते. परंतु जी वस्तू माणसाच्या देहात शिरण्यासाठीच घडविली जाते, तिच्यावर माणके, पाचू आणि हिरे जडविण्यामागे एक नैतिक प्रश्नही आहे, तो असा की सौंदर्य हिंसेला आवर घालते, की तिला प्रतिष्ठा मिळवून देते. हे खंजीर नुसतेच शोभेचे असते, तर या प्रश्नाला फारसे वजन राहिले नसते. प्रत्यक्षात पाते अनेकदा लहरीदार नक्षी उमटणाऱ्या उत्तम पोलादाचे असे आणि त्याच्या वरची मूठ कुंदनकामाने मढविलेली असे. कुंदन म्हणजे अतिशय शुद्ध केलेले सोने, ज्याच्या पातळ पट्ट्या रत्नाभोवती न वितळवता दाबून बसविल्या की त्या एकमेकींशी एकजीव होतात आणि रत्न घट्ट धरून ठेवतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील विजापूरचा एक खंजीर आहे. त्याच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या, माणके जडविलेल्या तांब्याच्या मुठीभोवती एका सर्पाकार राक्षसी प्राण्याची शेपटी वेढली आहे, तो प्राणी सिंहावर तुटून पडला आहे आणि सिंहाने हरणाला धरले आहे. आदिलशाही कारागिराने येथे हत्यारावर हत्याराचेच कृत्य कोरले आहे: बलवान दुर्बलाला खातो आणि त्या बलवानालाही खाणारा कोणी असतोच. शास्त्रकारांनी ज्याला मत्स्यन्याय म्हटले, म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याची अराजकाची अवस्था, तिचेच हे दर्शन म्हणता येईल, आणि ज्याच्या हातात ही मूठ येते त्याला आपण कोणत्या साखळीत उभे आहोत हे विसरता येऊ नये, इतकी ती आकृती स्पष्ट आहे. रत्ने असूनही हा खंजीर खोटे बोलत नाही.

शाहजहानच्या काळातील अनेक मुठी मात्र वेगळे बोलतात. हिरवट किंवा पांढरट जेड या चिवट दगडाच्या मुठींवर कमळासारखी, लिलीसारखी फुले आणि पाने उमलतात. इस्लामी कल्पनेत स्वर्ग हा उद्यानरूप आहे आणि बादशहा न्यायाने राज्याचे उद्यान राखतो, हा दावा त्या फुलांतून वाचता येतो. (इस्लामी धर्मशास्त्राने पुरुषांच्या सोन्याच्या अलंकारांवर बंधन घातले होते आणि शस्त्रावर चांदीची मुभा दिली होती, दरबाराने ही मर्यादा मनावर घेतली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.) याच बादशहाच्या 1629-30 सालच्या एका खंजिरावर त्याच्या पदव्या सोन्यात उतरविल्या आहेत, आणि त्याच्या आदल्याच काळात, 1628 च्या आरंभी, त्याच्या राज्यारोहणासाठी जवळच्या नात्यातील पाच राजपुरुषांना ठार करण्यात आले होते. एका बाजूला ही हत्या, दुसऱ्या बाजूला ही फुले: येथे अलंकार हिंसेला आवर घालत नाही, तिच्यावर पांघरूण घालतो, असाच निष्कर्ष निघतो.

तरीही अलंकाराला निव्वळ पांघरूण ठरविणे घाईचे होईल. कलाचिंतक आनंद कुमारस्वामी यांनी असे मांडले की पारंपरिक समाजांत सजावट ही वरून लावलेली भर नसून वस्तू आपल्या कार्यासाठी ज्यामुळे पूर्ण होते तो घटक असे. हे मान्य केले तर खंजिराचे कार्य काय, हेच आधी ठरवावे लागते. कौटिल्याने तीक्ष्ण दंडाने प्रजा त्रस्त होते, मृदू दंडाची अवहेलना होते आणि यथायोग्य दंडच पूज्य ठरतो, असे सांगितले. या दृष्टीने दरबारी खंजीर हा म्यानात राहिलेला दंड आहे आणि त्याची शोभा म्हणजे वापर न करता धाक राखण्याचे साधन. बादशहा तो मनसबदाराला, म्हणजे दर्जा व पगार ठरवून दिलेल्या सरदाराला, इनाम देई, तेव्हा त्या शोभेत विश्वास आणि बांधिलकी दोन्ही असत.

महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रे पूजली जातात, तीही सजवूनच. पण तेथे शस्त्रावर वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी निर्माल्य होते आणि पूजा करणारा काही काळ तरी शस्त्राचा धनी न राहता त्याच्यापुढे नत होतो. दरबारी मुठीवरील माणकाचे फूल कोमेजत नाही, उतरविलेही जात नाही, आणि ते धारण करणाऱ्यापुढे इतरांनी नमावे यासाठी असते. शस्त्राचे पावित्र्य आणि शस्त्रधाऱ्याचा गौरव यांत जो फरक धर्मविचाराने करायला हवा होता, तो रत्नांच्या या दरबारी परंपरेने पुसट केला.