दिव्याचा रंग आणि दंडाचा रंग

पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या आळेफाट्यावरून पावसाळ्यात पश्चिमेस निघालेल्या वाहनाला, ओतूर मागे पडून पिंपळगाव जोगे धरणाचा जलाशय दिसू लागला आणि माळशेजचा माथा जवळ आला, की रस्ता ढगांतूनच शोधावा लागतो. रात्री भाजीपाला भरून हा घाट उतरणाऱ्या चालकांत एक मत वहिवाटीसारखे रूढ आहे : धुक्यात पांढरा दिवा कुचकामाचा, दिवा पिवळाच हवा, कारण पिवळा प्रकाश धुके कापतो. हे मत ऐकीव नव्हे. त्यामागे अनेकांच्या अनुभवाची साक्ष आहे. तेव्हा जिज्ञासूने विचारायचे ते इतकेच, की ही साक्ष नेमकी कशाची आहे.

पिवळ्याच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद आकाशाच्या निळाईवरून घेतलेला आहे. प्रकाशाच्या तरंगलांबीहून पुष्कळ सूक्ष्म अशा कणांवर निळा प्रकाश अधिक विखुरतो आणि पिवळा-तांबडा कमी, हे रॅले या शास्त्रज्ञाने १८७१ मध्ये दाखविले. परंतु धुक्याचा थेंब तितका सूक्ष्म नाही. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रॉन, आणि धुक्याचे थेंब मात्र काही मायक्रॉनांपासून काही दशक मायक्रॉनांपर्यंत. एवढ्या मोठ्या कणांवर होणारे विकिरण, ज्याचे गणित ‘मी’ (Mie) नावाच्या जर्मन पंडिताने १९०८ मध्ये मांडले, ते पिवळ्या-पांढऱ्याचा भेद फारसा जुमानीत नाही. मग चालकाचा अनुभव खोटा का? तसेही नाही. धुक्याचा दिवा बंपरच्या पातळीवर बसविलेला असतो, त्याचा झोत रुंद पसरतो, वरच्या बाजूस तो धारदार रेषेत तोडलेला असतो. त्यामुळे डोळ्यांसमोरच्या धुक्यावर आपटून आपलाच प्रकाश आपल्यावर परतत नाही, आणि साइडपट्टी दिसते. पिवळी काच निळा भाग गाळून टाकते, त्यामुळे प्रकाश किंचित मंदावतो आणि काहींच्या डोळ्यांस सौम्य वाटतो, एवढेच काय ते रंगाकडे जाणारे श्रेय. फ्रान्सने दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून १९९३ पर्यंत मोटारीच्या पुढच्या दिव्यांना पिवळा रंग कायद्याने सक्तीचा केला होता. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत धुक्याच्या पुढील दिव्यास पांढऱ्या आणि पिवळ्या, दोहोंची मुभा आहे. नारिंगीकडे झुकणारा अंबर रंग तेवढा वळणाच्या इशाऱ्यासाठी राखलेला असल्याने तो या कामी न घेणेच इष्ट.

अनुभव खरा, पण त्याचे सांगितलेले कारण खोटे, अशा या प्रसंगाचा विचार आपल्या नैयायिकांनी फार पूर्वी करून ठेवला आहे. कार्याच्या आधी नियमाने हजर असते म्हणून एखादी गोष्ट कारण ठरत नाही, हे सांगण्यासाठी त्यांनी ‘अन्यथासिद्ध’ अशी संज्ञा योजिली, आणि विश्वनाथ पंचाननाने आपल्या ‘भाषापरिच्छेदा’त अशांचे पाच प्रकार सांगितले. त्यांतील एक उदाहरण येथे अगदी नेमके लागू पडते. कुंभाराने ज्या दंडाने चाक फिरविले त्या दंडाला काही एक रंग असतोच, घट घडण्याच्या प्रत्येक वेळी तो रंग तेथे उपस्थित असतो. तथापि घटाचे कारण दंड आहे, दंडाचा रंग नव्हे.

धर्माच्या प्रांतात हा भेद आपण क्वचितच पाळतो. एखाद्यास विशिष्ट वेळी, विशिष्ट वस्त्र नेसून, विशिष्ट दिशेस तोंड करून केलेल्या उपासनेने खरोखर शांती लाभते, आणि तो वस्त्र, वेळ व दिशा यांनाच शांतीची सनद बहाल करतो. चित्ताला एका जागी बसविण्याचा जो अभ्यास त्याने वर्षानुवर्षे केला, त्याचे नावही निघत नाही. उलट पक्षी, सुधारक येऊन वस्त्राचा व शांतीचा संबंध नाही हे सिद्ध करतो आणि तेवढ्यावर शांतीच लटकी होती असा फैसला देऊन मोकळा होतो. एकजण खऱ्या अनुभवावरून खोटे कारण पक्के करतो, दुसरा खोट्या कारणावरून खरा अनुभव रद्द करतो. कारणाची खातरजमा दोघांनीही केलेली नसते.

आरंभी आलेल्या आळेफाट्याच्याच परिसरात, आळे गावी, ज्ञानेश्वरांनी पैठणास ज्याच्या मुखातून वेद वदविले त्या रेड्याची समाधी आहे. परतीच्या वाटेवर तो येथे निवर्तला अशी श्रद्धा. कथेच्या ऐतिहासिकतेचा तंटा बाजूस ठेवला तरी तिचा तर्क लख्ख आहे. वेद म्हणणाऱ्याचा जन्म अमुक कुळातला असे, हे नित्य दिसत होते. त्यावरून कुळ हेच अधिकाराचे कारण मानले गेले. कुळ हा दंडाचा रंग होता, आणि हे पटविण्यासाठी पशूच्या मुखातून ऋचा उमटविणारी कथा लोकांनी सातशे वर्षे जपली.

यावर कोणी हरकत घेईल की रंगच अन्यथासिद्ध, तर तो पुसून का टाकू नये? परंतु रंगावाचून दंड नाही, तसा रूपावाचून दिवा नाही आणि उपचारावाचून उपासनाही बहुधा नाही. नैयायिक रंगीत दंड मोडावयास सांगत नाही, श्रेयाचा हिशेब तेवढा चोख ठेवावयास सांगतो. हा हिशेब चुकला म्हणजे नुकसान केवळ तर्काचे होत नाही. जो रंगालाच कारण समजतो तो प्रखर पिवळा दिवा आणून टपावर चढवितो आणि निर्धास्तपणे वेग वाढवितो. जो वेषालाच साधना समजतो तो वेष घेतो आणि पांढरा दिवा लावणाऱ्या शेजाऱ्यास आंधळा ठरवितो. दिवा खाली बसविला, झोत आवरला आणि वेग उतरविला, की रंगाची निवड ज्याच्या त्याच्या डोळ्यांवर सोपविण्यास काहीच प्रत्यवाय नाही.