वारशाचा हिशेब



आजोबांचे घर नातवाला मिळते. मग आजोबांचे पापही मिळते का? अमेरिकेतील लुइझियाना राज्यात हा प्रश्न जुना आहे. तेथे मिसिसिपी नदीकाठी उसाच्या मळ्यांवरील जुने वाडे आजही उभे आहेत. घराण्याची तैलचित्रे, चांदीची भांडी पाहुण्यांना कौतुकाने दाखवली जातात. मळा ज्या गुलामांनी पिकवला, त्यांचा उल्लेख मात्र पुष्कळ वर्षे ओझरताच होत असे.

परक्यांचे दुखणे म्हणून आपण हे सोडून दिले असते. पण या हिशेबात आपल्या ख्रिस्तसभेचेही नाव आहे. १८३८ साली मेरीलँड प्रांतातील येशूसंघीय धर्मगुरूंनी आपल्या मळ्यांवरील २७२ गुलाम लुइझियानाच्या मळेवाल्यांना १,१५,००० डॉलरला विकण्याचा करार केला. त्यांत म्हातारी माणसे होती, तान्ही मुले होती, आणि बहुतेकांचा स्नानसंस्कार झालेला होता. कुटुंबे तोडू नका, या पैशाने कर्ज फेडू नका, अशी रोमची ताकीद होती. दोन्ही अटी मोडल्या गेल्या. काही रक्कम जॉर्जटाऊन येथील महाविद्यालयाचे कर्ज फेडण्यात गेली. ‘तेव्हा कोणाला कळत होते?’ असे कोणी म्हणेल, तर पुढच्याच वर्षी, १८३९ मध्ये, पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा जाहीर निषेध केला होता.

बापाचा दोष मुलावर येत नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने स्पष्ट सांगितले आहे. आम्हालाही तसेच वाटते. पण संत थॉमस अक्वायनस एक बारीक भेद करतात. वस्तू चोरणे वेगळे आणि ती जवळ असणे वेगळे. चोरी आपण केली नसेल, पण चोरीची वस्तू आपल्या कपाटात असेल, तर ती परत करण्याचे बंधन उरतेच. मग ती कपाटात पूर्वजांनी का ठेवलेली असेना! वाडा आमचा, पण त्यामागच्या झोपड्या आमच्या नव्हेत, असे म्हणता येत नाही.

२०१७ साली जॉर्जटाऊन विद्यापीठाने व येशूसंघाने वंशजांसमोर क्षमा मागितली. एका इमारतीला आयझॅक हॉकिन्स यांचे नाव दिले. विक्रीच्या कागदात पहिले नाव त्यांचेच होते. २०२१ मध्ये येशूसंघाने वंशजांबरोबरच्या न्यासासाठी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले. कित्येक वंशजांना ते अपुरे वाटते, आणि त्यांना तसे म्हणण्याचा हक्क आहे.

लुइझियानातील मॅरिंग्विन या लहानशा गावात त्यांतले अनेक जण आजही राहतात. पुष्कळ जण अजून कॅथलिक आहेत. दर रविवारी मिस्साला येतात.