राहू पंक्तीत बसतो तेव्हा



समुद्रमंथनाची कथा आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकली आहे. अमृत निघाले, मोहिनीरूप घेतलेल्या भगवंतांनी देव आणि दानव यांच्या पंक्ती बसवल्या आणि देवांना अमृत वाढण्यास आरंभ केला. तेवढ्यात स्वरभानू नावाचा एक दानव देवाचा वेष घेऊन देवांच्याच पंक्तीत येऊन बसला. अमृत त्याच्या मुखात पडलेसुद्धा. शेजारच्या सूर्य-चंद्रांनी मात्र त्याला ओळखले आणि ते तत्क्षणी बोलले. अमृत कंठाखाली उतरण्यापूर्वीच सुदर्शन चक्र चालले. शिर तेवढे अमर राहिले, तोच राहू.

या कथेकडे आज जरा वेगळ्या दृष्टीने पाहूया. दुसऱ्याची ओळख चोरून, आपला नसलेला वाटा घेणे ही मोबाईलच्या युगाने आणलेली गोष्ट नाही. प्रत्यक्ष देवांच्या पंक्तीतही राहू पोहोचला होता. म्हणून कोणी फसवले गेले, तर तो त्या व्यक्तीचा कमीपणा नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूर्य-चंद्र गप्प राहिले नाहीत. ते वेळेवर बोलले, म्हणूनच पुढचा अनर्थ टळला.

आजचा राहू कोणत्या वेषात येतो?

इंदूर येथील आपल्या एका ज्येष्ठ साधिकेचा अनुभव त्यांच्या संमतीने, नाव न देता, येथे सांगत आहोत. त्या निवृत्त शिक्षिका. मुले परगावी. एका सकाळी फोन आला, "आपल्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत." पाठोपाठ व्हिडिओ कॉल. समोर गणवेशातील अधिकारी, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत. त्याने ताईंचे पूर्ण नाव, पत्ता आणि आधारचा क्रमांकही वाचून दाखवला. "आपण डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेरा बंद करायचा नाही. कोणाला सांगितलेत, तर मुलालाही अटक होईल." मुदत ठेव मोडून रक्कम 'पडताळणी'साठी एका खात्यात भरण्यास सांगण्यात आले. ताईंनी ती भरली.

सलग दोन दिवस त्या सामूहिक ध्यानाला आल्या नाहीत, म्हणून शेजारच्या एक साधिका चौकशीला गेल्या. दार उघडल्यावर ताईंचा चेहरा पाहूनच त्यांना शंका आली. त्यांनी फोन बंद करायला लावला, पाणी दिले आणि शेजारी बसून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली. काही रक्कम बँकेत रोखली गेली, उरलेली गेली ती गेलीच. पुढे कित्येक दिवस ताई एकच वाक्य म्हणत होत्या, "इतकी वर्षे साधना करूनही मी भ्याले."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य नीट ऐका. पैशांचे दुःख त्यात थोडे आहे, लाज फार आहे. आणि ही लाजच चोरांचे सर्वांत मोठे संरक्षण आहे.

२०२४ साली लुधियाना येथील एका नामवंत वस्त्रोद्योग समूहाच्या ८२ वर्षांच्या प्रमुखांना अशाच रीतीने ७ कोटी रुपयांना फसवण्यात आले. त्यांना तर व्हिडिओवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणीही दाखवली गेली. आयुष्यभर मोठे व्यवहार सांभाळलेली व्यक्तीही या जाळ्यात सापडली. त्यांनी तक्रार केली आणि मोठी रक्कम परत मिळाली. तेव्हा शिक्षण, वय किंवा साधनेची वर्षे मोजून कोणी कोणास हसू नये.

एकटे पाडणारा आवाज

रावण यतीचा वेष घेऊन पंचवटीत आला, पण कधी? सुवर्णमृगामागे श्रीराम दूर गेले, मारीचाच्या खोट्या हाकेने लक्ष्मणही गेले, त्यानंतर. आधी एकटे पाडले, मग वेष पुढे केला. हाच क्रम आजही आहे. "फोन ठेवू नका, घरात सांगू नका, बँकेत विचारले तर खरे कारण सांगू नका" असे जो सांगतो, तो आपल्याला आधी आपल्या लक्ष्मणापासून तोडत असतो.

आणखी एक गोष्ट पाहावी. सीतामाई लोभाने फसल्या नाहीत, दारी आलेल्या अतिथीचा सत्कार करावा या धर्मबुद्धीने त्या बोलल्या. आपलेही तसेच होते. गुंतवणुकीवर महिन्यात दुप्पट मिळवण्याच्या मोहाने काही जण फसतात, हे खरे. परंतु कायद्याविषयीचा आदर, मुलांची माया, दान देण्याची वृत्ती हे आपले सद्गुणही चोर हत्यारासारखे वापरतात. म्हणून सद्गुण सोडायचे का? नाही. त्यांच्या सोबतीला विवेक ठेवायचा.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे की संमोहाने स्मृती ढळते आणि स्मृती ढळली की बुद्धी नष्ट होते. भयाने गांगरलेल्या माणसाचे नेमके हेच होते. मुलाला एक फोन करावा, हे साधे भानही राहत नाही. सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना करताना भगवंतांनी पहिला गुण सांगितला तो अभय. अभय म्हणजे भीती कधीच न वाटणे नव्हे. भीती आली तरी तिच्या हाती निर्णय न देणे, हे अभय. पाच दीर्घ श्वास घ्यावेत, नाम घ्यावे, आणि मग घरच्या कोणाला तरी हाक मारावी. या छोट्याशा विरामात चोराचे बळ संपते.

एक वाक्य मनात कोरून ठेवूया. जो आवाज आपल्याला एकटे पाडतो, तो देवाचा नसतो आणि कायद्याचाही नसतो. भारताच्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही. कोणतेही पोलीस, कोणतेही न्यायालय व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही किंवा पडताळणीसाठी पैसे भरायला लावत नाही.

ओळख ही ठेव आहे

काही साधक विचारतात, "आपण देह नव्हे, आत्मा आहोत. मग या नावाची, या क्रमांकाची एवढी चिंता कशाला?" प्रश्न चांगला आहे. नाम-रूप हे आपले खरे स्वरूप नाही, हे मान्य. पण ते ईश्वराने आपल्याकडे सोपवलेली ठेव आहे. आपल्या आधारच्या प्रतीवर कोणी सिमकार्ड घेतले, तर त्या क्रमांकावरून दुसऱ्या एखाद्या वृद्धाला फसवले जाईल. निष्काळजीपणाचा फटका केवळ आपल्यालाच बसतो असे नाही.

त्याहून गंभीर गोष्ट तरुणांसाठी. "तुझे बँक खाते थोडे दिवस वापरायला दे, कमिशन मिळेल" असे कोणी म्हटले, तर हात जोडून नकार द्या. चोरीचा पैसा अशाच भाड्याच्या खात्यांतून फिरतो. ते कमिशन कोणा आजीच्या मुदत ठेवीतून आलेले असते. चोराला आपली पंक्तीतली जागा देणे हेही पापच आहे, आणि पोलीसही प्रथम खातेदाराच्याच दारी येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-क नुसार ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. इंग्रजीत ज्याला '६६ सी' म्हणतात, ते हेच कलम.

श्रद्धेच्या क्षेत्रातही राहू बसतो. संतांचे छायाचित्र लावून उघडलेली खोटी खाती, "आश्रमासाठी तातडीने मदत हवी" असे निरोप, केदारनाथच्या हेलिकॉप्टर तिकिटांची बनावट संकेतस्थळे, हे सर्व घडलेले आहे. दान देण्यापूर्वी आपल्या केंद्रात प्रत्यक्ष विचारून घेणे हा अविश्वास नव्हे. ती दानाची शुद्धी आहे.

आचरणात आणण्याच्या गोष्टी

- ओटीपी आणि यूपीआय पिन कोणालाही सांगू नये. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, तो केवळ पैसे देण्यासाठी असतो.
- आधारची प्रत देणे आवश्यक असेल, तेव्हा शक्यतो शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड आधार' द्यावे. बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येते, तेही करावे.
- आपल्या नावावर किती मोबाईल क्रमांक आहेत, हे केंद्र शासनाच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. अनोळखी क्रमांक दिसल्यास तेथेच कळवावे.
- वर्षातून एकदा आपला क्रेडिट अहवाल मोफत मिळतो. न घेतलेले कर्ज त्यात दिसले, तर लगेच तक्रार करावी.
- फसवणूक झालीच, तर आधी १९३० वर फोन करावा व आपल्या बँकेस कळवावे. सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन येथेही तक्रार नोंदवता येते.

या शेवटच्या गोष्टीत वेळेला फार मोल आहे. गेलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात वेगाने सरकतो. तक्रार लवकर पोहोचली, तर तो वाटेत रोखता येतो. "उद्या मुलगा आल्यावर बघू" असे म्हणेपर्यंत अमृत कंठाखाली उतरलेले असते.

सत्संगाचे कर्तव्य

राहूने सूर्य-चंद्रांवर कायमचे वैर धरले आणि ग्रहणे त्यांच्या वाट्याला आली, असे पुराणे सांगतात. तरीही ते बोलले. आपणही एकमेकांचे सूर्य-चंद्र व्हायचे आहे. नेहमी येणारी व्यक्ती दोन दिवस दिसली नाही, तर घरी जाऊन यावे. कोणी फसल्याचे सांगितले, तर "तुम्ही पैसे दिलेच कसे?" हा प्रश्न ओठांवर आणू नये. त्याऐवजी "तक्रार झाली का? चला, मी सोबत येतो" एवढेच म्हणावे. ज्या सत्संगात आपली फसवणूक निर्भयपणे सांगता येते, तेथे चोराला दुसरा बळी सहज मिळत नाही.

इंदूरच्या त्या ताई आता दर गुरुवारी ध्यानानंतर पाच मिनिटे नव्या साधकांना आपला अनुभव सांगतात. सांगताना अजूनही त्यांचा आवाज थोडा कापतो, पण त्या थांबत नाहीत. अभय म्हणतात ते यालाच.

या आठवड्यात प्रत्येकाने एक संकल्प करावा. घरातील किंवा शेजारच्या एका ज्येष्ठाजवळ बसून, १९३० हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये जतन करून द्यावा आणि प्रेमाने सांगावे, "कोणी कितीही घाबरवले, तरी आधी मला फोन करा. मी रागावणार नाही."

सर्वांना विवेक लाभो, सर्वांना अभय लाभो आणि संकटात कोणीही एकटे न राहो, ही ईश्वरचरणी प्रार्थना.